‘पोलाद गळतं, लेप बोगस, विहिरी जाणार’: त्या मेसेजचा प्रतिवाद

गेले काही आठवडे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. कापसाच्या भावाचा ग्रुप घ्या, संत्रा बागायतदारांचा घ्या, नाहीतर लग्नाच्या स्थळांचा. तो सगळीकडे पोचलाय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आशय असा: विदर्भात ‘फ्यूजन’ नावाची नवी अणुभट्टी येणार आहे, मोजणीही सुरू झाली आहे. तिच्यात ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी वायू असतो आणि तो पोलादातूनही आरपार जातो. त्यावर शास्त्रज्ञांचा उपाय म्हणजे केसाहून पातळ रंगाचा एक हात. त्या रंगाची चाचणी खऱ्या ट्रिटियमवर घेतलेलीच नाही, भलताच वायू वापरून पास करून टाकलं. प्रयोगशाळेत हजारपट गळती थांबते म्हणतात, पण खऱ्या अणुभट्टीत हा लेप फेल गेला, अमेरिकेत चौपट गळती झाली आणि ती दाबून ठेवली. शेवटी ठळक अक्षरांत: एक ग्रॅम ट्रिटियम विहिरीत पडला तर अख्खा तालुका हजार वर्षं निकामी.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. या मेसेजबद्दल पोरांपेक्षा त्यांचे वडीलच जास्त विचारतात. “सर, आपल्या विहिरीत बी येईन का हे?” प्रश्न रास्त आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाण्याची भीती कोणी शिकवावी लागत नाही.

मेसेज लिहिणारा अडाणी नाही, हे आधी कबूल करतो. त्याने कुठेतरी बरंच वाचलंय. सहा दाव्यांपैकी एक साफ खोटा आहे, एक जवळजवळ पूर्ण खरा, आणि उरलेल्या चारांत खऱ्याखोट्याची अशी सरमिसळ आहे की एका ओळीत उत्तर देता येत नाही.

भट्टी विदर्भात येणार, मोजणी सुरू

हा साफ खोटा. फ्यूजनने, म्हणजे हलके अणू एकमेकांत जुळवून, वीज तयार करून ग्रीडला देणारी भट्टी आज जगात कुठेच नाही. फ्रान्समध्ये कादाराश इथे ‘इटर’ नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहतोय. भारत त्यात २००५ पासून आहे, आणि त्याचं क्रायोस्टॅट नावाचं अवाढव्य पोलादी भांडं आपल्या लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात घडवून तुकड्यातुकड्यांनी तिकडे पाठवलं. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार तिथेसुद्धा ट्रिटियम वापरून काम सुरू व्हायला २०३९ उजाडणार. भारतातलं संशोधन गांधीनगरच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थानात चालतं, आणि तिथल्या ‘आदित्य’ आणि ‘एसएसटी-१’ या यंत्रांत ट्रिटियम भरतच नाहीत. मोजणीवाले दिसले असतील तर ते रस्त्याचे असतील, सोलरचे असतील, कालव्याचे असतील. तलाठ्याकडे जाऊन विचारा, कागदावर कामाचं नाव असतं.

ट्रिटियम मात्र महाराष्ट्राला नवा नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. जड पाण्यातल्या ड्युटेरियमने, म्हणजे एक न्यूट्रॉन असलेल्या जड हायड्रोजनने, आणखी एक न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम होतो. २००५-०६ पासून तिथे तो तयार होतो आहे आणि सांभाळलाही जातो आहे. मेसेजवाल्याला हे माहीत असतं तर त्याने नक्की घातलं असतं.

पोलादातून आरपार जातो

खरं आहे. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचंच जड रूप, केंद्रकात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. तापलेल्या पोलादाला वायूचा रेणू भिडला की तो पृष्ठभागावर फुटतो, सुटे झालेले अणू धातूच्या जाळीत शिरतात, जागा बदलत बदलत पलीकडच्या बाजूला येतात, तिथे पुन्हा जोडी जमवून वायू होऊन बाहेर पडतात. यासाठी पोलादाला भोक असावं लागत नाही, वेल्डिंग कच्चं असावं लागत नाही. उत्तम दर्जाच्या पोलादातही हे होतं. उलट फ्यूजनसाठी मुद्दाम बनवलेल्या पोलादातून ते साध्या स्टेनलेस स्टीलपेक्षा जास्त होतं. तरी तेच पोलाद निवडतात, कारण न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ते कमी फुगतं. भारताने स्वतःचं असं पोलादही तयार केलंय.

अडचण किती मोठी आहे ते आकड्यांत बघा. ड्युटेरियम आणि ट्रिटियम जुळले की १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. या हिशेबाने २ गिगावॅट फ्यूजन-शक्तीची भट्टी वर्षभर चालवायची तर सुमारे ११० किलो ट्रिटियम जळेल, म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम. इतका ट्रिटियम बाजारात मिळत नाही. जगातला सगळा नागरी साठा काही दहा किलोंच्या घरात आहे. म्हणून भट्टीनेच तो लिथियमपासून बनवत राहायचा, प्लाझ्माभोवतीच्या, म्हणजे जिथे हे अणू जुळतात त्या प्रचंड तापलेल्या वायूभोवतीच्या, जाड वेष्टनात. ते वेष्टन ३०० ते ५५० अंशांवर तापलेलं, आणि त्याच्याच पोटातून उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याच्या किंवा हेलियमच्या पातळ पोलादी नळ्या गेलेल्या. एका बाजूला दिवसाला शेकडो ग्रॅम, आणि बाहेर सोडायची मर्यादा आराखड्यांत वर्षाला एखाद्या ग्रॅमच्या आसपास धरलेली. मधला फरक लाखाचा आहे. लेप याचसाठी लागतो.

पण ‘पोलादातून आरपार’ आणि ‘गावात’ यांच्यामध्ये मेसेजने काहीच ठेवलेलं नाही. नळीतून झिरपलेला ट्रिटियम आधी थंडावा देणाऱ्या प्रवाहात येतो, त्या प्रवाहातून तो गाळून काढायची यंत्रणा असते, मग इमारतीची हवा धुणारी यंत्रणा. शिवाय झिरपण्याचे नियम माहीत आहेत. भिंत दुप्पट जाड केली तर गळती निम्मी. वायूचा दाब चौथाईवर आणला तरीही निम्मी, कारण ती दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालते. तापमान उतरवलं की आणखी कमी. लेप ही या साखळीतली एक कडी आहे, एकमेव भिंत नाही.

केसाहून पातळ रंग

पातळ, हो. फवारलेला किंवा लेसरने चढवलेला अ‍ॅल्युमिनाचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, थर काही मायक्रॉनचाच असतो, आणि केस साधारण ७० मायक्रॉनचा. रंग मात्र नाही. एका पद्धतीत पोलादावर अ‍ॅल्युमिनियम चढवून ते भट्टीत असं भाजतात की दोन्ही धातू एकमेकांत मुरतात. मग वरच्या अंगाला ऑक्सिजन देऊन अ‍ॅल्युमिनाची कातडी तयार करतात. ही कातडी सोलून काढता येत नाही, कारण तिच्याखालचा थर पोलादातच मुरलेला असतो. एर्बियम ऑक्साइड, क्रोमियम ऑक्साइड, सिलिकॉन कार्बाइड हेही उमेदवार आहेत. हायड्रोजनाचे अणू या सिरॅमिकांतून पोलादाच्या तुलनेत नगण्य सरकतात, म्हणून मायक्रॉनभर थरही पुरतो. जाड का करत नाहीत? एक तर जाड सिरॅमिक लवकर तडकतं. दुसरं, फ्यूजनच्या तेज न्यूट्रॉनांमुळे अ‍ॅल्युमिनियमचं काही प्रमाणात अ‍ॅल्युमिनियम-२६ होतं, ज्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून संपायला लागणारा काळ) सुमारे ७ लाख वर्षांचं आहे. जितकं अ‍ॅल्युमिनियम जास्त, तितका पुढे पुरायचा कचरा जास्त. या मुद्द्यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

भलताच वायू वापरून पास केलं

चाचणी कशी होते ते सांगतो, कारण मेसेजमध्ये तेवढंच नाही. नाण्याएवढी पोलादी चकती घेतात, तिच्यावर लेप चढवलेला. ती दोन कप्प्यांच्या मधोमध घट्ट बसवतात. आधी हेलियमने तपासतात की कडेने काही निसटत तर नाही ना, कारण कडेची गळती लेपाच्या नावावर लागली तर सगळं मुसळ केरात. मग चकती ३०० ते ६०० अंशांपर्यंत तापवून एका कप्प्यात ड्युटेरियम सोडतात, दुसऱ्यात निर्वात पोकळी, आणि पलीकडे येणारा प्रत्येक अणू वस्तुमान-वर्णपटमापी, म्हणजे अणू वजनावरून ओळखणारं यंत्र, मोजतो. तीच चाचणी बिनलेपाच्या चकतीवर. बिनलेपाची गळती भागिले लेपाची गळती, हा जो आकडा येतो त्याला या क्षेत्रात पीआरएफ म्हणतात. मेसेजमधलं ‘हजारपट’ तिथून आलं.

ड्युटेरियमच का? साधा हायड्रोजन पोलादात आणि उपकरणाच्या भिंतीत आधीपासून मुरलेला असतो, त्यामुळे नेमका लेपातून आलेला किती हे ओळखता येत नाही. ड्युटेरियम वेगळा ओळखू येतो आणि किरणोत्सारी नसतो. ट्रिटियमची किंमत ग्रॅमला तीस हजार डॉलरच्या आसपास सांगितली जाते, आणि त्यासाठी परवाने, बंद पेट्या, गाळण्या हा वेगळाच संसार लागतो. ड्युटेरियम आणि ट्रिटियमच्या सरकण्याच्या वेगात फरक आहे, पण तो वस्तुमानाच्या वर्गमुळाचा, म्हणजे वीस-बावीस टक्क्यांचा. प्रश्न शंभरपट की हजारपट असा असताना वीस टक्क्यांनी काही बिघडत नाही. आणि खऱ्या ट्रिटियमवर चाचण्या झालेल्याच नाहीत हे तर खोटंच. अमेरिकेत आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत, जर्मनीत कार्ल्सरुहेला त्यासाठीच्या सोयी आहेत. चालू अणुभट्टीच्या आत ठेवूनही नमुने तपासलेत. त्यांचं पुढे येतंच.

मेसेजवाल्याने बोट ठेवायला हवं होतं ते दाबावर. प्रयोगशाळेत वायूचा दाब बऱ्याचदा वातावरणाएवढा, नाहीतर त्याच्या दहाव्या भागाएवढा असतो, कारण मोजायला सोपं जातं. भट्टीच्या वेष्टनात ट्रिटियमचा दाब याच्या हजारो पटींनी कमी असण्याची शक्यता आहे. इतक्या कमी दाबाला वर्गमुळाचा नियम सुटतो आणि पृष्ठभागावर रेणू किती वेगाने फुटतो यावर गणित ठरायला लागतं. म्हणजे जास्त दाबाला मिळालेला पीआरएफ उचलून कमी दाबाला लावता येत नाही. हा आक्षेप अस्सल आहे, आणि तो संशोधकच एकमेकांच्या निबंधांवर घेतात.

हजारपट म्हणतात, खऱ्या भट्टीत फेल, आणि दाबून ठेवलं

इथे मेसेजवाल्याचं पारडं सगळ्यात जड आहे, म्हणून इथे थांबू.

प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनाच्या चांगल्या थरांनी हजार, दहा हजार असे आकडे दिले. मग १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या पेटन इथल्या संशोधन अणुभट्टीत, ‘लिब्रेटो’ नावाच्या प्रयोगांत, वितळलेल्या शिसे-लिथियमसोबत (वेष्टनात ट्रिटियम बनवण्यासाठी भरायचं मिश्रण) लेपाचे नमुने न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवले. हाती आलेले आकडे दोन आकडी, काही तर एक आकडी. अमेरिकेतल्या अशाच भट्टीतल्या चाचण्यांतही शे-दीडशेच्या पलीकडे मजल गेली नाही. हजारांवरून दहांवर. हे अपयश आहे का? हजाराच्या आशेने बसलेल्यासाठी, हो.

का घसरले ते समजून घेण्यासारखं आहे. लेपाचा हजारावा भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीचा कितीही अभेद्य असला तरी साध्या हिशेबाने आकडा हजाराच्या वर जात नाही. प्रत्यक्षात तो आणखी खाली येतो, कारण अणू भोकातून शिरून सरळ रेषेत जात नाहीत. ठिबकच्या एका तोटीखाली ओल कशी हातभर पसरते, तसे ते लेपाखालच्या पोलादात आडवे पसरतात आणि पलीकडे भोकाच्या कितीतरी पट मोठ्या जागेतून बाहेर पडतात. त्यामुळे डोळ्याला न दिसणाऱ्या चार तड्यांनी सगळा निकाल फिरतो.

तडे येतात कुठून? पहिलं कारण शुद्ध तापमानाचं. दर अंशाला अ‍ॅल्युमिना दशलक्षात सुमारे ८ भाग प्रसरण पावतो, हे पोलाद सुमारे १२. पाचशे अंश चढ म्हणजे मीटरमागे दोन मिलिमीटरची ओढाताण, आणि भट्टी बंद-चालू झाली की दर वेळी. दुसरं कारण शिसे-लिथियम. ते २३५ अंशांना वितळतं आणि ५०० अंशांवर पोलाद तर खातंच, त्यातलं लिथियम अ‍ॅल्युमिनालाही लागतं. हवेत अ‍ॅल्युमिनाचा तडा खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जोरावर आपोआप भरून येतो, पण त्याला ऑक्सिजन लागतो, आणि शिसे-लिथियमच्या पोटात तो जवळपास नसतोच. तिसरं कारण न्यूट्रॉन. त्यांच्या माऱ्याने थराची आतली रचना बदलते, काचेसारखा एकजीव असलेला थर स्फटिकांत मोडतो, आणि स्फटिकांच्या सीमा म्हणजे अणूंना नव्या पायवाटा. यातलं कोणतं किती दोषी, यावर अजून एकमत नाही.

म्हणूनच आता एकेक त्रास सुटा देऊन घेतलेल्या चाचण्यांवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. शेकडो वेळा तापवून-थंडावून मोजायचं, हजारो तास वाहत्या शिसे-लिथियममध्ये ठेवून मोजायचं, आयनांचा मारा करून पुन्हा मोजायचं, इथपर्यंत काम आलंय. तिन्ही त्रास एकाच वेळी, तेही फ्यूजनच्या १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनांखाली, ही परीक्षा घ्यायला साजेशी जागाच अजून जगात नाही. माझं मत विचाराल तर मला याहून जास्त चिंता सांध्यांची वाटते. चकती नाण्याएवढी, नळ्या शेकडो मीटर. लेप चढवून झाल्यावर वेल्डिंग करायचं म्हटलं की सांध्यावरचा लेप जळणार, आणि नळीच्या आतून तो पुन्हा चढवायचा कसा, याचं सुटसुटीत उत्तर मला कुठल्याही निबंधात दिसलेलं नाही.

आता अमेरिकेची चौपट गळती. ती झाली, पण फ्यूजन भट्टीत नव्हे. टेनेसी राज्यातल्या वॉट्स बार या नेहमीच्या अणुवीज केंद्रात २००३ पासून अण्वस्त्रांसाठी ट्रिटियम तयार केला जातो. त्यासाठी लिथियमयुक्त सिरॅमिक भरलेल्या खास कांड्या वापरतात, बाहेरून स्टेनलेस स्टील आणि आतून अ‍ॅल्युमिनाइडचा लेप. अंदाज होता कांडीमागे वर्षाला एखाद्या क्युरीच्या (किरणोत्साराचं एक माप) गळतीचा, निघाले चारच्या आसपास. चार क्युरी म्हणजे सुमारे ०.४ मिलिग्रॅम. एका कांडीत ट्रिटियम तयार होतो ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हजारातला एक भागही बाहेर आला नाही. याचं सगळं श्रेय लेपाला देऊ नये, कारण कांडीत ट्रिटियम शोषून धरणारी झिरकॅलॉय या मिश्रधातूची नळीही असते. पण अंदाज चुकला तो चुकलाच, आणि त्यामुळे बरीच वर्षं कांड्यांची संख्या कमी ठेवावी लागली.

‘दाबून ठेवली’ म्हणाल, तर ही चौपट गळती जगाला कळली कशी? अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्ये त्यावर अहवाल काढला आणि तो कोणालाही वाचता येईल असा ठेवला. गळती नियामक मर्यादेच्या आत होती हेही त्यातच आहे. मेसेजवाल्याने ‘चौपट’ घेतलं आणि बाकीचं सोडलं. लिब्रेटोचे पडलेले आकडेही प्रयोग करणाऱ्यांनीच छापले.

एक ग्रॅम, एक विहीर, हजार वर्षं

याचं गणित करू, वहीपेन घ्या. एक ग्रॅम ट्रिटियम म्हणजे सुमारे ३.६ गुणिले १० चा चौदावा घात इतके बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल). वीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी असेल तर ते साधारण पावणेदोन लाख लिटर. लिटरमागे दोन अब्ज बेकरेल झाले. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक पातळी लिटरला १० हजार. म्हणजे दोन लाख पट जास्त. त्या विहिरीचं पाणी कोणी पिऊ नये, अंगावरही घेऊ नये, कारण ट्रिटियमयुक्त पाणी कातडीतूनही शरीरात जातं. फवारणीचं विष कुठून आत शिरतं हे २०१७ मध्ये यवतमाळने बघितलंय, वेगळं सांगायला नको.

मग तालुका? तोच ग्रॅम भरलेल्या अप्पर वर्धा धरणात, सुमारे ५६४ दलघमी उपयुक्त साठ्यात, पूर्ण मिसळला तर लिटरला ६३० बेकरेलच्या आसपास येतात, मार्गदर्शक पातळीच्या पंधराव्या-सोळाव्या भागाएवढे. आणि हजार वर्षं? ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. दर १२३ वर्षांनी तो हजारावा भाग उरतो. त्या दोन लाख पट विहिरीतलं पाणी कोणी उपसलं नाही, पाझरलं नाही, पाऊस पडला नाही असं धरलं तरी ती दोनशे-सव्वादोनशे वर्षांत पातळीखाली येईल. हा काळ काही थोडा नाही. पण हजारही नाही.

आणखी दोन गोष्टी. ट्रिटियमचा बीटा कण हवेत फार तर सहा मिलिमीटर जातो, कातडीने अडतो. तो घातक ठरतो शरीराच्या आत गेल्यावर. त्यातही वायुरूपातल्या ट्रिटियमपेक्षा पाण्याच्या रूपातला सुमारे दहा हजार पट जास्त घातक धरतात, कारण पाणी शरीरात राहतं. तेही साधारण दहा दिवसांत निम्मं बाहेर पडतं, लघवीतून आणि घामातून.

‘आपल्या विहिरीत बी येईन का’ विचारणाऱ्यांना मी सांगतो की ट्रिटियम येणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला क्षार मात्र आधीच आलाय, आणि किडनीचे पेशंट घरोघरी मोजता येतात. पांढरकवडा-झरी भागात फ्लोराइड आहे, खत जास्त पडतं तिथे नायट्रेट. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा आहे. स्वच्छ धुतलेल्या बाटलीत विहिरीचं पाणी काठोकाठ भरायचं, वर गट नंबर आणि तारीख लिहायची, नेऊन द्यायचं. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट तिन्हींचे आकडे मिळतात. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असं दोनदा करा, दोन्ही आकड्यांत बराच फरक निघतो.